एकाच नावाच्या तीन अळ्या : ज्ञानकोशात माहिती शोधायची कशी?



मागल्या खरिपातली गोष्ट आहे. मका गुडघ्याएवढा झाला होता. शिवारफेरीला गेलो तर एक वयस्कर शेतकरी बांधावरच थांबलेले. त्यांच्या शेताभोवती दीड फूट खोल चर मारलेला, बांधाच्या कडेनं पांढरी पावडर पसरलेली. मला बघून म्हणाले, "साहेब, चर मारला, पावडर टाकली, तरी अळी काही थांबंना."

"अण्णा, चर मारायला कुणी सांगितलं?"

त्यांनी मोबाईल पुढं केला. कॉलेजात जाणाऱ्या पोरानं ज्ञानकोशात 'लष्करी अळी' शोधून दिली होती. त्यात लिहिलं होतं, ही अळी दिवसा ढेकळाखाली लपते, रात्री झुंडीनं बाहेर पडते, एका शेतातलं पीक संपवून दुसऱ्या शेतात चालत जाते. म्हणून शेताभोवती चर खणावा. अण्णांनी दोन माणसं लावून चर खणला आणि आठ दिवस वाट बघितली.

मी एक पोंगा उघडला. आत लाकडाच्या भुशासारखी विष्ठा आणि मधोमध अळी. डोक्यावर इंग्रजी 'वाय' अक्षर उलटं काढल्यासारखी खूण, शेपटीकडं चौकोनात चार काळे ठिपके. ही अमेरिकन लष्करी अळी. हिचा पतंग उडत येतो आणि थेट पानावर अंडी घालतो. अळी पोंग्यात बसून खाते. चरानं ती अडणार कशी? लहान असताना हिचा बंदोबस्त सोपा असतो. आठ दिवसांत ती वाढून पोंग्यात खोल गेली, तिथं फवारा पोचत नाही.

आता सांगा, ज्ञानकोशातली माहिती खोटी होती का? नव्हती. ती दुसऱ्या अळीची होती. आपल्याकडं 'लष्करी अळी' म्हणून तिघी ओळखल्या जातात. एक जुनी, झुंडीनं चालणारी. दुसरी सोयाबीन, एरंडी, कोबीवर येणारी, जिला तंबाखूवरील पाने खाणारी अळी असंही म्हणतात. तिसरी ही अमेरिकन. ती २०१६ मध्ये आफ्रिकेत पोचली, २०१८ मध्ये कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. नाव एक, अळ्या तीन, उपाय वेगवेगळे.

आज घरोघरी मोबाईल आहे आणि मोबाईलमध्ये ज्ञानकोश फुकट आहे. पण आत कसं शिरायचं, कुठल्या वाटेनं हिंडायचं आणि कुठं थांबायचं, हे कुणी शिकवत नाही. ते या लेखात बघू.

कोश दोन, स्वभाव दोन

मराठीत ज्ञानकोशाची परंपरा जुनी आहे. १९२० च्या दशकात श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोश काढला. पुढं तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईला मराठी विश्वकोशाचं काम उभं राहिलं. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. मूळ संचाचे एकूण वीस खंड आहेत आणि ते आता इंटरनेटवर वाचायला मिळतात.

दुसरा कोश म्हणजे विकिपीडिया. तो २००१ साली इंग्रजीत सुरू झाला आणि २००३ साली मराठीत आला.

दोघांचा स्वभाव वेगळा आहे, तो आधी समजून घ्या. विश्वकोशातला लेख त्या विषयाच्या जाणकारानं लिहिलेला असतो, संपादकांनी तपासलेला असतो आणि खाली लिहिणाऱ्याचं नाव असतं. तिथं तुम्हाआम्हाला जाऊन अक्षर बदलता येत नाही. भरवसा जास्त, पण बरेच लेख तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे. विकिपीडियावर कुणीही लिहू शकतं, कुणीही दुरुस्त करू शकतं. माहिती ताजी मिळू शकते, पण चूकही राहू शकते. शिवाय मराठी विकिपीडियावरचे पुष्कळ लेख दोन-चार ओळींचेच आहेत. एक कोश जुन्या जाणत्या माणसासारखा आहे, दुसरा गावच्या पारासारखा. विचारायचं दोघांना.

मूळ शब्द लिहा

शोधाच्या चौकटीत आपण बोलतो तसं वाक्य लिहितो, 'उसावरील अळ्यांची माहिती द्या'. कोशातल्या लेखांची नावं मात्र मूळ रूपात असतात. म्हणून 'उसावरील' लिहू नका, 'ऊस' लिहा. 'अळ्या' लिहू नका, 'अळी' लिहा. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळा. 'तूर' लिहून सापडलं नाही तर 'तुर' लिहून बघा. हातानं टाइप करायला जमत नसेल तर कळफलकावरच्या माइकच्या खुणेवर बोट ठेवून बोला, शब्द मराठीत उमटतो. फक्त उमटला तो बरोबर आहे का, तेवढं बघून घ्या.

विकिपीडियावर दोन-तीन अक्षरं लिहिली की खाली नावांची यादी येते. हवं ते नाव दिसलं तर त्यावर बोट ठेवा, थेट त्या लेखात जाल. नाव दिसलं नाही म्हणजे माहिती नाहीच, असं समजू नका. यादीच्या शेवटी 'हा शब्द असलेली पानं शोधा' अशा अर्थाची ओळ असते. ती निवडली की तो शब्द ज्या ज्या लेखाच्या पोटात आला असेल ते सगळे लेख समोर येतात. दोन शब्द लागोपाठच हवे असतील तर ते अवतरणचिन्हांत घाला.

रोगाचं नाव एकटं कधी लिहू नका. 'करपा' म्हटलं तर कुठला करपा? भाताचा वेगळा, कांद्याचा जांभळा करपा वेगळा, बटाट्याचा लवकर येणारा वेगळा आणि उशिरा येणारा त्याहून वेगळा. प्रत्येकाची बुरशी निराळी. 'मर' रोगाचंही तेच. हरभऱ्याची मर आणि तुरीची मर एका घराण्यातल्या बुरशीमुळं होते, पण जाती दोन आहेत. म्हणून पीक आणि रोग, दोन्ही शब्द लिहा.

विश्वकोशासाठी एक सोपी युक्ती आहे. नेहमीच्या गूगलमध्ये 'तूर मराठी विश्वकोश' असं लिहा. बहुतेक वेळा तो लेख वरच मिळतो.

शास्त्रीय नाव म्हणजे गट नंबर

गावात रामभाऊ पाच असतील, पण गट नंबर प्रत्येकाचा वेगळा. पिकाचं, तणाचं, किडीचं शास्त्रीय नाव हे असंच असतं. ते जगभर एकच. अमेरिकन लष्करी अळीचं शास्त्रीय नाव स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा. तंबाखूवरच्या अळीचं स्पोडोप्टेरा लिट्युरा. जुन्या लष्करी अळीचं मिथिम्ना सेपरेटा. ही तीन नावं माहीत असती तर अण्णांचा चर वाचला असता.

हे नाव मिळतं कुठं? विश्वकोशात पिकाचा लेख उघडला की पहिल्याच ओळीत कंसामध्ये नावांची रांग असते. तुरीचंच घ्या. हिंदीत अरहर, गुजरातीत तुवेर, कन्नडमध्ये तोगरी, संस्कृतात आढकी, इंग्रजीत पिजन पी आणि लॅटिनमध्ये कजानस कजान. बरेचजण हा कंस ओलांडून पुढं जातात. माझं सांगणं उलट आहे, लेखातली सगळ्यात कामाची ओळ तीच. कर्नाटक सीमेवरच्या शेतकऱ्याला बियाण्याच्या दुकानात 'तोगरी' ऐकू येतं, ते काय हे तिथं कळतं. लॅटिन नाव वहीत उतरवून घ्या. पुढं कुठल्याही कोशात, कुठल्याही भाषेत तेच टाकायचं.

विकिपीडियावर एका नावाचे अनेक अर्थ असतील तर काही ठिकाणी 'निःसंदिग्धीकरण' असं जड नाव असलेलं पान येतं. शब्द जड, पण काम सोपं. या नावाचे इतके लेख आहेत, तुम्हाला कुठला हवा, एवढंच ते विचारतं. असं पान आलं तर घाईनं पहिला लेख उघडू नका. यादी पूर्ण वाचा.

एका लेखातून दुसऱ्या लेखात

कोशात हिंडायची खरी गंमत दुव्यांत आहे. लेखातले निळे शब्द म्हणजे दुवे. समजा, तुम्ही गाजर गवत वाचताय. हे गवत १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नजरेत आलं. मूळचं अमेरिका खंडातलं. वाचता वाचता झायगोग्रामा भुंग्याचं नाव येतं. ज्याला आपण मेक्सिकन भुंगा म्हणतो तो हाच. गाजर गवत खाण्यासाठी १९८० च्या दशकात तो भारतात मुद्दाम आणला गेला. त्या नावावरून जैविक नियंत्रणाच्या लेखात जाता येतं. तिथून ट्रायकोग्रामा या मित्रकीटकाकडं, जो किडीच्या अंड्यात स्वतःचं अंडं घालतो. तण शोधायला निघालेला माणूस ऊस, मका आणि कापसावरच्या किडींच्या बंदोबस्तापर्यंत पोचतो. मराठीत दुवा तुटला तर तेच नाव इंग्रजीत शोधायचं. विश्वकोशात हेच काम लेखाच्या शेवटी 'पहा' या शब्दापुढं दिलेली नावं करतात.

विकिपीडियावर आणखी दोन वाटा आहेत. त्या संगणकावर दिसतात. मोबाईलवर बघायच्या तर पानाच्या अगदी तळाशी 'डेस्कटॉप' दृश्य निवडावं लागतं.

पहिली वाट 'वर्ग'. लेखाच्या तळाशी हा शब्द आणि त्यापुढं एक-दोन नावं असतात. त्यावर गेलं की त्या प्रकारच्या सगळ्या लेखांची यादी मिळते. नाव आठवत नसेल, पण 'कडधान्यच होतं काहीतरी' एवढं ठाऊक असेल, तेव्हा ही वाट कामाला येते.

दुसरी वाट 'येथे काय जोडले आहे'. ही साधनांच्या यादीत सापडते. आपण उघडलेल्या लेखाकडं दुसरे कुठले लेख बोट दाखवतात, ते हिच्यात कळतं. ट्रायकोग्रामाच्या पानावरून ही यादी काढली की तो कुठकुठल्या किडीच्या लेखात आलाय, ते दिसतं. म्हणजे औषधावरून रोग शोधल्यासारखं झालं.

भाषा बदला, चित्र बघा

मराठी लेख दोन ओळींत संपला तर निराश होऊ नका. शीर्षकाजवळ भाषा बदलायची खूण असते. तिथून त्याच विषयाच्या हिंदी किंवा इंग्रजी लेखात जाता येतं. इंग्रजी कळत नसेल तर मोबाईलला भाषांतर करायला सांगा. भाषांतर ओबडधोबड येतं, पण अंदाज येतो. भाषा बदलण्याचा दुसरा फायदा असा, की मराठी नावाला इंग्रजी नाव कुठलं, हे न विचारता कळतं. घरचं पोरगं कृषी पदविकेला असेल तर त्याला ही युक्ती जरूर सांगा.

किडीच्या बाबतीत मात्र मजकुराआधी चित्र बघा. इंग्रजी लेखांत चित्रं बहुधा जास्त असतात. आपल्या शेतातली अळी तळहातावर घ्या, चित्राशेजारी धरा, डोक्यावरची खूण आणि पाठीवरचे ठिपके ताडून बघा. जुळलं तरच पुढं वाचायचं. अण्णांच्या पोरानं नेमकी हीच पायरी सोडली होती. नाव जुळलं, त्यावर तो थांबला.

तारीख बघा, आधार बघा

जुना लेख वाईट नसतो. तुरीचं मूळ कितपत खोल जातं, ज्वारीचं कणीस कधी बाहेर पडतं, हे चाळीस वर्षांत बदललेलं नाही. बदलतात ते तीन आकडे : क्षेत्र, वाण आणि औषध. जुन्या लेखात किडीसाठी बीएचसी भुकटी धुरळावी असं वाचलं, तर ते त्या काळापुरतं. बीएचसीवर आपल्या देशात १९९७ पासून बंदी आहे. एंडोसल्फानवर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली. म्हणून लेख वाचताना तो केव्हाचा, हा पहिला प्रश्न विचारा.

विकिपीडियावर याची सोय चांगली आहे. 'इतिहास पहा' या दुव्यावर गेलं की लेखात केव्हा केव्हा आणि कुणी काय बदल केला, याची तारीखवार नोंद असते. एखादा आकडा डोळ्यात खुपला, उदाहरणार्थ एकरी उत्पन्न अचाट वाटलं, तर तो कालपरवाच कुणी घातलाय का हे तिथं कळतं. 'चर्चा' या पानावर त्या लेखाबद्दल कुणी शंका काढली असेल तर तीही वाचायला मिळते. वाक्यापुढं बारीक आकडा असतो, त्यावर बोट ठेवा. माहिती कुठून घेतली ते तळाशी 'संदर्भ' मध्ये दिसतं. विद्यापीठाचा, संशोधन संस्थेचा आधार असेल तर वजन जास्त. एकही आधार नसेल तर ती ऐकीव गोष्ट समजायची.

औषधाचं प्रमाण कोशातून घ्यायचं नाही

हे कळकळीनं सांगतो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावं लागलं. औषधाच्या बाबतीत अर्धवट माहिती जिवावर बेतते. कोश जगासाठी लिहिलेला असतो. त्यातलं प्रमाण कुठल्या देशातलं, कुठल्या पिकावरचं, किती तीव्रतेच्या औषधाचं, ते वाचणाऱ्याला उमगत नाही.

कोशानं कीड ओळखून दिली की त्याचं काम संपलं. पुढं औषधाच्या डब्यावरचं लेबल आणि त्यासोबतचं माहितीपत्रक वाचा. तुमचं पीक आणि तुमची कीड त्यावर लिहिलेली असेल तरच ते औषध वापरा. लेबलवरचा रंगाचा त्रिकोण बघा. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. परभणी, राहुरी, अकोला आणि दापोली ही आपली चार कृषी विद्यापीठं. त्यांच्या शिफारशी आपल्या मातीत, आपल्या पावसात तपासलेल्या असतात. परभणीची कृषी दैनंदिनी, राहुरीची कृषी दर्शनी, अकोल्याची कृषी संवादिनी यातली आपल्या विभागाची एक घरात असावी. अडलंच तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक फुकट आहे. तिथं मराठीत बोलता येतं.

रेंज नसेल तर

'शेतात रेंजच नसते, कोश काय कामाचा?' असं बरेचजण विचारतात. त्यावर उपाय आहे. किविक्स नावाचं एक मोफत ॲप मिळतं. तालुक्याच्या गावी किंवा वायफाय असेल तिथं बसून मराठी विकिपीडिया मोबाईलमध्ये एकदाच उतरवून घ्यायचा. मग इंटरनेट नसतानाही शोधता येतो, वाचता येतो. ती प्रत उतरवली त्या दिवसापुरती असते, म्हणून मधून मधून नवी घ्यावी. गावच्या शाळेत, वाचनालयात एखाद्या संगणकावर ही सोय करून ठेवली तर पोरांनाही उपयोग होईल.

आपलंही काही देणं लागतं

शेवटची गोष्ट. कोशात तुमच्या भागातलं तणाचं नाव नसेल, गावरान वाणाचा उल्लेख नसेल, तर ती उणीव भरायची कुणी? गाजर गवताला कुणी काँग्रेस गवत म्हणतं, कुणी चटकचांदणी. ही नावं कुणीतरी लिहिली तरच पुढच्याला सापडणार. मराठी विकिपीडियावर 'संपादन' करायला पदवी लागत नाही. सरावासाठी 'धूळपाटी' नावाचं पान आहे, तिथं चुकलं तरी बिघडत नाही. अडचण असली तर 'चावडी'वर विचारता येतं. फक्त ऐकीव लिहू नका, आधार देऊन लिहा. गावातल्या एखाद्या शिकलेल्या पोराला किंवा पोरीला हे काम सांगा आणि आपल्याजवळ आहे ते ज्ञान त्यांना तोंडी द्या.

लक्षात ठेवा
१. शब्द मूळ रूपात लिहा. पीक आणि रोग दोन्ही लिहा.
२. शास्त्रीय नाव वहीत उतरवा, पुढचा शोध त्याच नावानं घ्या.
३. चित्र जुळल्याशिवाय मजकुरावर विसंबू नका.
४. लेख केव्हाचा आणि कशाच्या आधारावर, ते बघा.
५. औषध आणि प्रमाण लेबलवरून व विद्यापीठाच्या शिफारशीवरून ठरवा.

यंदा अण्णांच्या मक्यावर पुन्हा अळी दिसली. या खेपेला त्यांनी चर मारला नाही. पोरानं अळी हातावर घेऊन चित्राशी ताडून बघितली, नाव कागदावर लिहिलं आणि संध्याकाळी मला फोन केला, "साहेब, फ्रुजिपर्डाच आहे. अजून बारीक आहे. आता काय करू?" प्रश्न असा नेमका आला की उत्तर द्यायला वेळ लागत नाही. पिकाला वेळेवर मिळालेलं उत्तर हेच खरं औषध.